भांडून काढलेली पट्टी

आमचे बाबा म्हणजे एक नंबरचा अर्क. बत्तीस वर्षं दवाखान्यात लोकांच्या जखमांना पट्ट्या बांधल्या, सगळं गाव त्यांना पट्टीमास्तर म्हणायचं, आणि स्वतःच्या नडगीवर उकळतं पाणी सांडलं तर पंधरा दिवस कुणाला हात लावू देईनात! त्यात रक्तात साखर. स्वतःच पट्टी गुंडाळली, ती जखमेला चिकटून बसली. शेवटी मी आवाज चढवला, गाडी बोलावली आणि त्यांना त्यांच्याच दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलले. "मास्तर, आज पट्टी काढून जखम धुतली नाही, तर पाय वाचवता येणार नाही."

"मी घरी सोडवतो हळूहळू."

"काही नको! पंधरा दिवसांत काय दिवे लावलेत ते दिसतंय," मी म्हणाले.

मग आम्ही सात नंबरच्या खोलीत गेलो, आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. फरशी बदलली होती, टेबल नवं होतं, पण खिडकीची मोडकी कडी अजून पट्टीनंच बांधलेली होती. ती गाठ बाबांची. शाळा सुटली की मी याच खिडकीखाली लोखंडी स्टुलावर बसून गृहपाठ करायची, कारण आई कारखान्यातून सहाला यायची. स्पिरिटचा वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं. लोक हसतात, हसू देत.

बाबांची एक रीत होती. चिकटलेली पट्टी काढायची वेळ आली की ते पेशंटशी भांडण उकरून काढायचे. एकदा हात कापलेला सुतार आला. बाबा पट्टी भिजवत म्हणाले, "काय हो, तुम्ही केलेल्या दारांना फटी राहतात म्हणे?"

"कोण म्हणतो? नाव सांगा त्याचं!" सुतार असा भडकला की पट्टी कधी बादलीत पडली ते त्याला कळलंच नाही. नवी पट्टी बांधून झाल्यावर बाबांनी सांगितलं, "खोटं बोललो हो. आमच्या घरचं दार तुम्हीच केलंय, वीस वर्षांत हललेलं नाही." पट्टी निघेपर्यंत खोटं, बांधून झाली की खरं, हा त्यांचा नियम. भांडणाऱ्या माणसाला दुखायला फुरसत नसते, असं म्हणायचे.

माझा गुडघा फुटला तेव्हा मलाही सोडलं नाही. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं बाई म्हणत होत्या." मी रडून खोली डोक्यावर घेतली. नंतर त्यांनी औषधांचं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला माझा निबंध चिकटवलेला होता.

आता त्याच खोलीत नर्सनं पट्टी भिजवली आणि टोक धरलं, तोच बाबांनी तिचं मनगट पकडलं. "थांब गं पोरी." असं तीनदा झालं. मी काही बोलणार, एवढ्यात ते हळूच म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकांना 'झालं, झालं' म्हणत आलो. मला भीती वाटते गं."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी नर्सला डोळ्यांनी खुणावलं.

"बाबा, आई एकदा म्हणाली होती, तुमच्याआधी तुमच्या दवाखान्यातला तो एक्स-रेवाला बघायला आला असता तर तिनं त्यालाच होकार दिला असता."

"कोण? तो टकल्या?"

"बोलायला गोड होता म्हणे."

"गोड? अगं, पेशंटला श्वास रोखायला सांगून स्वतः चहाला जायचा तो! आणि तिनं पाहिलं कुठं त्याला?"

"तुमच्यापेक्षा उंचही होता म्हणत होती."

"टाचा उंच होत्या बुटाच्या! टाचा!"

बादलीत काहीतरी पडलं. बाबा खाली वाकून नडगी पाहू लागले. ती नजर जुनीच, मास्तरांची.

"काळं नाही," ते म्हणाले. "लाल आहे. वाचला पाय."

डॉक्टर येऊन तेच म्हणाले. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला. नर्सनं जखम धुतली, नवी पट्टी बांधली. बाबांनी घडीत एक चूक काढलीच, त्याशिवाय त्यांना करमतं का! मग त्या खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं,

"ती खरंच असं म्हणाली होती?"

आईला जाऊन चार वर्षं झाली. इतका बारीक आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

"बांधून झाली, आता खरं सांगते. त्याचं नावसुद्धा आईनं कधी काढलं नाही. शेवटच्या आजारात कुणी सुई टोचायला आलं की मात्र म्हणायची, 'आधी मास्तरांना बोलवा. ते भांडले की मला दुखत नाही.'"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.

"उद्या किती वाजता यायचं गं, सिस्टर?"

"दहाला या, मास्तर."

ते माझा खांदा धरून उठले. "उद्या एक्स-रेवाला चालायचा नाही. दुसरं काहीतरी शोधून ठेव."