जाताना निमआराम

जन्मात एकदाही विमानात पाय न ठेवता विमानातल्या प्रत्येक जागेची खडान्‌खडा माहिती असणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो आमच्या राहात्याला, पेरूच्या बागेला लागून असलेल्या घरात राहतो. माझ्या वडिलांचे हे शाळासोबती. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे गाव त्यांना कंट्रोलर म्हणतं आणि मी कंट्रोलरकाका. तीस-बत्तीस वर्षं स्टँडवरच्या खोलीत माईकसमोर बसून त्यांनी लोकांना कुठे कुठे पाठवलं, पण स्वतः मनमाडच्या पुढे गेल्याचं कुणाला आठवत नाही. निवृत्त झाले आणि माईक सुटला. नेमक्या त्याच सुमारास आमच्या भागातली पोरंपोरी परदेशी जाऊ लागली आणि त्यांच्या आईबापांना बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी तिकडून तिकिटं येऊ लागली. गाड्यांतलं काकांना कळतं, या एवढ्याच भरवशावर कुणीतरी असं एक तिकीट त्यांना दाखवायला आणलं. काकांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि विचारलं, "गाडी कंच्या मॉडेलची हाय?" तिकीट आणणाऱ्याला ते सांगता आलं नाही. काकांनी मात्र आठवडाभरात मोबाईलवरून ते शोधून काढलं, आणि तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर नवा स्टँड सुरू झाला.

स्टँड म्हणजे खराखुरा. भंगारात निघालेल्या बसची चार बाकडी त्यांनी मिळवली, सुताराकडून ती फळ्यांवर अशी बसवून घेतली की मागेपुढे सरकावीत, आणि फरशीवर निळ्या ऑईलपेंटनं दोन बाकांमधल्या अंतराच्या, इंचांच्या खुणा मारल्या. एकतीस इंचांवर लिहिलं ‘साधी’, अडतीसवर लिहिलं ‘निमआराम’. तिकिटावर प्रीमियम इकॉनॉमी असं जे मोठं नाव असतं ते त्यांनी कधीच तोंडात घेतलं नाही. विमानाच्या पोटात त्यांच्या मते तीनच गाड्या जोडलेल्या असतात. साधी, निमआराम आणि झोपायची. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसानं आधी त्या बाकावर तीन तास बसून दाखवायचं. काकू समोरच्या पाठीला अडकवलेल्या फळीवर चहा आणून ठेवत, आणि तो पिणार इतक्यात पुढच्या बाकावर बसलेले काका काहीही न सांगता धाडकन मागे रेलत. चहा मांडीवर सांडला की म्हणत, "आता हे चौदा तास व्हनार, बगा." काकूंचं यावर एकच मत होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, आमच्या ह्यांनी घराचा स्टँड केला.

आता एवढा खटाटोप करणारा माणूस लोकांना महागड्या जागा घ्यायला लावत असेल असं वाटेल. उलट आहे. निमआरामाचा एवढा कट्टर विरोधक दुसरा झाला नसेल. "नुसत्या नावाला भुलायचं न्हाई, इंच विचारायचे," हे त्यांचं पहिलं कलम. दुसरं कलम तीन प्रश्नांचं. गुडघा कुठला दुखतो? झोप कुठं लागती? आणि सर्वांत महत्त्वाचा तिसरा, पोचल्यावर काय काम हाय? श्रीगोंद्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक मुलानं पुढची जागा काढली म्हणून मुद्दाम ते सांगायला आले होते. काकांनी त्यांना साध्या बाकावर बसवलं. पंधरा मिनिटांत गुरुजी असे घोरू लागले की बागेतले पोपट उडाले. तीन तासांनी त्यांना हलवून काकांनी निकाल दिला, "ज्याला हितं झोप लागली त्यानं जादा पैसं द्यायचे न्हाईत. आन पोचल्यावर तुमाला काम काय, तर नातवासंग बागेत जायचं. साधीनं जा." गुरुजी साधीनं गेले, आणि पोचल्या पोचल्या त्यांनी पहिला फोन काकांना केला. तसा नियमच होता. पोचल्याचा फोन आल्याशिवाय काका ती गाडी आपल्या वहीत ‘पोचली’ असं लिहीत नसत.

विनाथांबा विमानावर त्यांचा फार राग. चहाला न थांबणारी गाडी त्यांना गाडीच वाटत नसे. आणि खिडकीवर तर त्याहून जास्त. खिडकीकडच्याला उठायची चोरी होते, तो लाजेनं बसून राहतो आणि पाय सुजतात, म्हणून सगळ्यांना वाटेकडची जागा. दुखरा पाय डावा असेल तर उजव्या बाजूच्या जोडीतली वाटेकडची, म्हणजे तो पाय वाटेत सोडता येतो. उजवा असेल तर उलट. पहिली रांगही नको, समोर भिंत असते आणि भिंतीत पाय पसरता येत नाहीत. हे सारं ते इतकं शांतपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल रात्रीच तिकडून परतलाय.

आम्ही घरचे लोक या सगळ्याला हसत होतो. मी तर त्यांची नक्कल करून पाहुण्यांना हसवत असे. मग आमच्यावरच वेळ आली.

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायची बंदी केली. कधी काही न मागणारी ती पोरगी फोनवर फक्त "आई, ये" एवढंच म्हणाली. आणि आईच्या डाव्या पायात दोन वर्षांपूर्वी रक्ताची गुठळी झालेली. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि जायला हरकत नाही म्हणाले, पण पाय दुमडून फार वेळ बसू देऊ नका, तासातासाला चालवा, अशी ताकीद दिली. वडील आता नाहीत, आणि मला रजा मिळेना. आईला एकटीनं जायचं होतं, आणि ती पोचताच आजारी पडली तर बहिणीकडे एका पेशंटच्या जागी दोन झाले असते. ती गेलीच नाही तर काय, हे आम्ही कुणी बोलत नव्हतो. मी एका पेरूच्या पाटीमागे तोंड लपवून काकांच्या ओसरीवर गेलो.

काका दुसऱ्याच दिवशी शिंप्याचा टेप घेऊन घरी आले. आईचा पाय त्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंत मोजला, बूट घालून मोजला, सूज आल्यावर किती फुगतो तेही विचारून घेतलं. मग तिला ओसरीवर नेऊन आधी साध्या बाकावर बसवलं. तासाभरात तिचा घोटा भरून आला. निमआरामावर, पायाखाली उशीचं टेकण देऊन बसवलं तेव्हा तीन तासांनीही पाय पायासारखा होता. काकांनी वाकून फरशीवरच्या खुणा पुन्हा एकदा तपासल्या आणि ते म्हणाले, "वहिनी, जाताना निमआराम."

काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांत हा निकाल त्या ओसरीवर कुणी ऐकला नव्हता.

आई मात्र ऐकेना. "पुढं बसलं म्हंजी काय लवकर पोचतं का भावजी? त्येवढ्या पैशात पोरीचं सारं बाळंतपन निघंल."

"लवकर पोचत न्हाई," काका म्हणाले, "पर धड पोचतं. तुमाला तितं गेल्या गेल्या उभं ऱ्हायचं हाय. येताना काय काम न्हाई, येताना साधीनं या. जाताना मी सांगतो ते ऐका." मग त्यांनी मुंबई ते फ्रँकफर्ट आणि पुढे टोरांटो असं दोन तुकड्यांचं तिकीट स्वतः निवडलं, मध्ये साडेतीन तासांचा थांबा, दोन्ही तुकड्यांना उजव्या जोडीतली वाटेकडची जागा, तिसरी रांग. ज्या दिवशी आई निघाली त्या दिवशी आमच्या अंगणात येऊन त्यांनी मुठीचा माईक करून खणखणीत आवाजात पुकारलं, "राहाता-मुंबई-फ्रँकफर्टमार्गे टोरांटो जानारी गाडी फलाटावर लागलेली हाय. प्रवाशांनी आपापलं पाय सांभाळावं." आई रडत होती ती हसायला लागली.

पोचल्याचा फोन आला. काकांनी फक्त पाय विचारला. पाय उत्तम होता. आई त्याच दिवशी लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पुढचे अडीच महिने उभीच होती. भाची झाली, पूर्ण दिवसांची, रडून घर डोक्यावर घेणारी. त्या बातमीनंतर मी काकांची नक्कल करणं सोडलं, ते कायमचंच. या माणसाचे उपकार कसे फेडावेत हे मला आजही कळलेलं नाही. माझ्या हसण्याची त्यांना कल्पना होती, आणि तरी ते टेप घेऊन आले होते.

सहा महिन्यांनी आई साधीनं परत आली, ती थोडी चोरट्यासारखी. दोन दिवस काकांच्या घरी जायचं टाळत होती. शेवटी मीच तिला घेऊन गेलो, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं. जाताना दुसऱ्या तुकड्यात तिच्या पलीकडे खिडकीशी एक म्हातारे गोरे गृहस्थ होते, हातात काठी. त्यांना सारखं उठावं लागे आणि दर खेपेला ते हात जोडल्यासारखे करत. एस.टी.त म्हाताऱ्या माणसाला उठून जागा देतात तशी आईनं आपली जागा देऊन टाकली आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसली. काकांनी महिनाभर खपून निवडलेली जागा तिनं खुणेच्या भाषेत अर्ध्या मिनिटात बदलून टाकली होती.

"आन चालायचं?" काकांचा आवाज चढला.

"ते उठले की मीबी उठायची. ते काठी टेकीत पुढं, मी मागं. दोगं चालत हुतो दर तासाला. हवाईसुंदरी हसायची आमाला."

मला वाटलं आता काका रागावणार. पण त्यांनी विचारलं, आणि त्यांचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, "वहिनी, काय दिसलं?"

इतकी माणसं त्यांनी पाठवली, सगळी वाटेकडच्या जागेवर बसवून. पोचल्यावर सगळ्यांनी पाय सांगितला, पाठ सांगितली, जेवण सांगितलं. बाहेर काय दिसतं हे सांगायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नव्हती.

आई सांगू लागली. दिवस मावळतच नव्हता. खाली नुसतं पांढरं. आधी ढग वाटले, पण मग त्यांची सावली त्यांना चिकटूनच पाण्यावर पडलेली दिसली, तेव्हा कळलं बर्फ आहे, समुद्रात तुटून पडलेला. घर नाही, झाड नाही, वाट नाही. "लई येळ बगत बसले. पोरीची काळजी हुती पोटात, पर तेवढा येळ कमी झाली बगा." काका मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी सावली कुठल्या बाजूला पडली होती ते विचारलं. आईला ते आठवलं नाही, याचं दोघांनाही वाईट वाटलं.

तेव्हापासून ओसरीवर एक नवं कलम आहे. जाताना वाटेकडची, येताना खिडकी. आणि बहिणीनं परवा फोनवर सांगितलं आहे की पुढच्या वर्षी काका-काकूंचं तिकीट ती काढणार, जाताना निमआराम. काकांनी लगेच तिसरा प्रश्न स्वतःलाच लावला. "मला पोचल्यावर तितं काय काम?" आई म्हणाली, "नातीला मांडीवर घ्यायचं काम हाय." पासपोर्टचा अर्ज त्यांनी भरला आहे, पण गुडघे आता त्यांचेही कुरकुरतात, आणि जाणं होईल की नाही हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काका निमआरामाच्या बाकावर बसले होते, वाटेची बाजू मोकळी ठेवून पार कडेला, बागेकडे तोंड करून. काय करताय म्हणून विचारलं. "खिडकीशी झोप लागती का बगतोय," ते म्हणाले. लागली का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "न्हाई लागत. भायेरच बगावं वाटतं."

बाहेर तीच पेरूची बाग होती, जी ते जन्मभर पाहत आले होते. मी त्यांच्या शेजारच्या, वाटेकडच्या जागेवर बसलो, आणि आम्ही दोघं बराच वेळ बाहेर बघत राहिलो.