नऊ जणांना एक राक्षस

आमचे धाकटे भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळ मांडतात. भाऊजी गोष्ट सांगतात, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी जादूगार. लढाईत वार लागला की नाही, ते फासे ठरवतात. मोठी माणसं राक्षसांत रमतात हे बघून मला आधी देवाचीच भीती वाटली होती. पण त्या टेबलाशी कुणी कुणाची निंदा करत नाही. एवढं आम्हा बायकांना प्रार्थना संपल्यावरच्या गप्पांतही जमत नाही.

सुरुवातीला चौघे होते. भाऊजींच्या तोंडातून 'नाही' निघत नाही, त्यामुळे नऊ झाले. शेवटची आली ती खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी मावशी. नवरा गेल्यापासून मशीन थांबलं की तिच्या घरात आवाज म्हणून नसे. मीच तिला वर ओढून आणलं.

"मारामारी नको बाई मला," ती म्हणाली. "जखमा शिवायचं काम असेल तर द्या."

तिने एक म्हातारा वैद्य उभा केला. तो चष्मा कपाळावर चढवून, जखमेला नाक टेकवून बघायचा. तिचा नवरा पेपर अगदी तसाच वाचायचा, आणि त्याच्या चष्म्याच्या काचा भाऊजींनीच घासलेल्या. टेबलाशी बाकी कुणाला हे ठाऊक नव्हतं. मला आणि भाऊजींना होतं.

नऊ जण झाल्यावर लढाया अगदीच मिळमिळीत व्हायला लागल्या. राक्षस एकटा, त्याचा एक वार होईतो समोरून नऊ पडायचे. बिचारा हात उचलायच्या आत आडवा!

"मास्तर, हा राक्षस आहे की गादी?" खेळायला येणारा एक वायरमन भाऊजींवर ओरडायचा. "आम्ही कापूस पिंजायला येतो का इथे?"

सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे, पण ते त्यांना लागत होतं. मग त्यांनी राक्षसाचा वार दुपटीहून जड केला. माणसं दुपटीहून जास्त, तर वारही तेवढाच जड, असा साधा हिशोब.

त्या रविवारी गुहेतला राक्षस उठला. पहिला वार कुणावर, हे भाऊजींनी फाशावर सोडलं. फासा निघाला मागे उभ्या असलेल्या वैद्यावर. तलवारवाल्याने तो वार झेलला असता. म्हातारा एका फटक्यात गेला.

"मेला?" मावशीने विचारलं.

"म्हणजे... हो, मावशी."

"अगं बाई. माझी पाळी अजून यायचीच होती की."

वायरमन टाळी देत म्हणाला, "आता आली मजा!" लढाई पुढे चालू राहिली. मावशी उठून माझ्याबरोबर कप विसळायला आली. एक कप तिने तीनदा विसळला. पुढच्या रविवारी ती आली नाही. विचारलं तर म्हणाली, "शिवण फार साचलंय गं."

भाऊजींचं जेवणावरून मन उडालं. "वहिनी, बोलले ते दांडगे, आणि मी मारलं कुणाला? वार मोठा केला तर तो नऊ जणांत वाटला जात नाही. एकावरच पडतो. एवढं मला कळू नये?"

"खेळच आहे ना, भाऊजी?"

"तुम्हाला माहितीये तो वैद्य कोण होता."

मी देवापुढे बसले तेव्हा त्यांच्यासाठी मागणं मागितलं. काय मागावं तेही धड सुचेना.

शेवटी ते खाली गेले. मी सोबत होतेच.

"मावशी, गुहेत औषधी पाणी सापडतं असं करतो. वैद्य उठेल."

मावशीने दात लावून दोरा तोडला. "नको. गेला तो गेला. माझी कीव करून उठवलेला मला नकोय."

"रागावलात?"

"राग नाही रे. वाईट वाटलं. आता तेही वाटू नये का?"

पण रविवारी आली. या वेळी तिरंदाज पोरगी होऊन. भाऊजींनीही मांडणी बदलली होती. राक्षसाचा वार पुन्हा पहिल्याएवढा, मात्र त्याच्यासोबत लांडग्यांचा कळप, आणि दर दोघातिघांच्या पाळीनंतर एक लांडगा झेप घेणार. सगळ्यांना काम लागलं. वायरमन तर खुर्चीतून उठून उभाच राहिला. तीन लांडगे त्याच्या एकट्याच्या अंगावर.

तिरंदाज पोरीच्या वाटेला मात्र कुणी जाईना. लांडगे तिच्यापर्यंत यायचे आणि वळायचे.

मावशीने हातातला फासा खाली ठेवला. "का रे, मी पाहुणी आहे का इथे? या कुत्र्यांना माझा वास येत नाही?"

भाऊजींचे कान लाल झाले.

"मला बाजूला बसवायचं असेल तर माझं मशीन आहे खाली," ती म्हणाली. "मारायचं तर नीट मार. नाहीतर मी निघते."

भाऊजींनी फासा उचलला. लांडग्याने पोरीच्या खांद्याचा लचका तोडला.

"आई गं!" मावशी ओरडली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. "थांब मेल्या, दाखवते तुला!"

भाऊजी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले. नळ सोडला, पण खाली ग्लास धरलाच नाही.

"हसतेय मावशी," मी म्हटलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "तरी वहिनी, तो फासा टाकताना मला म्हाताराच दिसत होता."

बाहेरून मावशीची हाक आली, "अरे, कुणाची पाळी आहे?" तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि गेले.