फुंकलं तर बोलतं, ओढलं तर नाही

मी माऊथऑर्गन दुरुस्त करतो असं पाहुण्यांना सांगितलं, की बायको आतून विचारते, "या खेपेला स्क्रू किती उरले?" ती अगदीच खोटं बोलत नाही. हा उद्योग मी चाळिशी उलटल्यावर मोबाइलवर बघून शिकलो आणि पहिला बळी माझाच बाजा होता. आमच्याकडे त्याला बाजाच म्हणतात. आतल्या पितळी पत्तीचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. मी नेमकं उलटं लक्षात ठेवलं होतं. नंतर तो बाजा ऐकून शेजाऱ्यांनी विचारलं, कुत्रं आजारी आहे का.

तरी एक गिऱ्हाईक टिकून होतं : माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणतो. उभं आयुष्य गोंदियातल्या राइस मिलमध्ये गेलं, आता सालेकशाला घर. मिलमध्ये होते तेव्हापासून बाजा खिशात. तो पहिल्यांदा खोलला तेव्हा पत्त्यांच्या फटीत कोंड्याची पिवळट भुकटी बसलेली होती, पिठासारखी मऊ. मिल सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. मी टूथब्रशनं ती झाडली आणि खूश झालो. रोग सापडला असं वाटलं.

तक्रार एकच होती. "जवाईबापू, दोन नंबरचं घर मुकं झालं. फुंकलं त बोलते, ओढलं त नाही."

बाज्याच्या प्रत्येक घरात, म्हणजे फुंकायच्या भोकात, दोन पत्त्या असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. जाड सुरांच्या पत्त्यांना दम जास्त लागतो. मी ओढून पाहिलं तर ते घर चांगलं बोललं. तरी नखानं पत्ती किंचित खाली दाबली, कारण फट कमी केली की थोड्या दमातही सूर निघतो. मामाजींनी ओढलं. बोललं.

"हाव! गुन हाय तुमच्या हातात."

तो गुण पोळ्यापर्यंत टिकला. मग एक नंबरचं घर गेलं, पाठोपाठ तिसरं. दर खेपेला मी पत्त्या आणखी दाबायचो. शेवटी अशी पाळी आली, की मी नेहमीसारखं ओढलं तर पत्ती गुदमरून गप्प बसायची आणि मामाजींनी ओढलं की बारीक आवाजात बोलायची. मला त्याचं कौतुकच वाटलं. बायकोला म्हटलं, "बघ, बाजा मालकाला ओळखतो." ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. या खेपेला तिनं स्क्रूंचं विचारलं नाही.

मामाजी फोनवर नातीला वाजवून दाखवत. हळूहळू ते ओढीचे सूर गाळायला लागले. ओळखीची चाल, पण जागोजाग भोकं पडलेली. माझी मुलगी म्हणाली, "आबाजी, नेटवर्क कटून राहिलं."

नेटवर्क पूर्ण होतं.

मग मी नागपूरहून नवा बाजा आणवला. मामाजी घरी आले तेव्हा डबा त्यांच्यासमोरच फोडला. आधी मी वाजवला : सगळी घरं मोकळी. मग त्यांनी घेतला. दोन नंबर, ओढलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं काहीतरी झालं. पुन्हा ओढलं. त्यांच्या गळ्याखालचा खळगा इतका आत गेला, की मी नजर काढून घेतली.

"नवा मालबी खराब येऊन राहिला आजकाल," ते म्हणाले. "खोला बरं याले."

मी पेचकस हातात घेतला आणि खाली ठेवला. "मामाजी, हा मी नाही खोलणार. आपण छातीचा फोटो काढू."

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. मामाजी हसले. "मिलमधल्या कोनाकोनानं छातीचा फोटो काढला, मले ठाऊक हाय. मंग त्याईचाच फोटो भितीवर लागला, हार घालून. कायले काढाचा?"

बायको दारात उभी होती. "नाही काढला त भितीवर नाही लागत का, बाबा?"

आमच्या भागात तोंडावरच बोलतात. मामाजी उठले, टोपी घातली आणि न जेवता गाडी पकडायला गेले.

नंतर कितीतरी दिवस त्यांचा फोन नाही. बायको काम करता करता मध्येच थांबायची, कोणी हाक मारल्यासारखी. मग एका सकाळी ते दारात. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. स्टेशनपासून रिक्षा केली म्हणाले. स्टेशन ते आमचं घर हे अंतर मामाजींनी आयुष्यात कधी पायांशिवाय तोडलं नव्हतं.

"चला," ते म्हणाले. "फोटोत चांगलं दिसाले पायजे."

एक्स-रेवाल्यानं त्यांना आत नेलं. दाराबाहेर त्याचा आवाज येत होता. "साँस खींचो, बाबा. और खींचो. रोको... अरे, छोडो मत." मग खोकला. मग पुन्हा, "फिर से. खींचो." बाहेर मीही श्वास ओढून धरून उभा होतो, हे मला चक्कर आल्यावर कळलं. माझ्या मदतीचा नेहमीप्रमाणे काही उपयोग नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. "दोनदा काढला," ते म्हणाले. "एक आधार कार्डाले कामी येईन." हसले. हसू संपलं तरी खांदे हलत राहिले.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. आतल्या डॉक्टरबाईंनी मामाजींकडे पाहिलंच नाही. "इनके साथ कौन है? आप अकेले अंदर आइए."

मी मामाजींकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं.

"जा, जवाईबापू," ते म्हणाले. "पन पूरं आयकून या. मले अर्धं नोका सांगू."

मी उठलो.