वरातीतला जॅझ

"पहिले लोकायले त्यायचं द्या, मंग आपलं वाजवा," असं म्हणत मास्टर सॅक्सोफोनच्या तोंडाची पातळ पट्टी जिभेनं ओली करायचे. मगच आमची वरात हलायची.

तुम्हीही असा एखादा बँडवाला पाहिला असेल, ज्याचे डोळे नवरदेवावर नसतात, भलतीकडंच कुठंतरी लागलेले असतात. शेलूबाजारच्या आमच्या बँडपार्टीत मास्टर तसे होते. मी त्यांच्या मागं ड्रम वाजवायचो. तरुणपणी ते नागपूरला एका म्हाताऱ्या ख्रिश्चन वादकाकडं शिकले. तिथंच त्यांना जॅझ लागला. एखाद्याला तंबाखू लागते तसा. "ओळखीची चाल घ्यायची, ते सोडून मनानं हिंडायचं, अन् पुन्हा घरी यायचं," एवढंच त्यांनी मला जॅझबद्दल सांगितलं.

मेडशीच्या एका लग्नात ते असेच हिंडायला निघाले. नाचणारे थबकले. नवरदेवाचा मामा फेटा सावरत पुढं आला.

"मास्टर, गाणं कुठी गेलं?"

मास्टरांनी क्षणभर तोंड मोकळं केलं. "येऊन राह्यलं भाऊ. जरासं वावरातून फिरून येऊन राह्यलं."

आणि गाणं खरंच आलं. मामा असा नाचला की फेटा पार गळ्यात उतरला.

त्या वरातीत कोणीतरी मोबाइलवर मास्टरांना टिपलं होतं. ते पाहून पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं त्यांना बोलावलं. तिथं फक्त जॅझ चालायचा. मीही सोबत गेलो. पडद्याआडून पाहत होतो. मास्टर वाजवत होते आणि माणसं चमचे खाली ठेवून ऐकत होती. एक बाई तर डोळे मिटून बसली होती. असं वाजवताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, "इथंच राहा, दर शनिवारी वाजवा."

मास्टरांनी विचार करून सांगतो म्हटलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले.

"बरं वाजलं ना?" मी विचारलं.

"जिंदगीत असं नाही वाजलं, लेका. पन कोनाचा पाय नाही हालला रे."

ते पुण्याला गेले नाहीत. पण पुणं त्यांच्यातून गेलं नाही. शेलूबाजारच्या हायवेवर जीपगाड्यांच्या गोंगाटात वाजवता वाजवता ते मध्येच म्हणायचे, "आज शनवार. तिथं कोन वाजवून राह्यलं असन?" तिथं त्यांना पाय आठवले, इथं कान आठवायचे.

मग आमच्या वस्तीतली भीमजयंती आली. मिरवणूक रंगात आली होती. लोकांना हवी ती चाल मास्टरांनी भरपूर दिली आणि मग ते हिंडायला निघाले. मला वाटलं, आता पोरं ओरडतील. कोणी ओरडलं नाही. निळे झेंडे हातात धरून सगळे जागच्या जागी उभे राहिले. दारातल्या बायाही पुढं आल्या. मास्टर खूप लांब गेले त्या दिवशी. ते चालीवर परतले तेव्हा सगळी गल्ली एकदम नाचू लागली. त्यात माझी आई होती. बँडच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणणारी.

रात्री ती म्हणाली, "त्या मास्टरनं मले रडवलं अन् नाचवलंबी."

दुसऱ्या दिवशी मी ते मास्टरांना सांगितलं. ते चहा प्यायचे थांबले.

"काय म्हनली माय? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि रुमालानं डोळे पुसले.

त्याच वर्षी हिवाळ्यात धाप लागून मास्टर गेले. आता आमच्याकडं वराती डीजेवर निघतात. गाणं सुरू होतं आणि सरळ संपतं. कुठं हिंडायला जात नाही.

त्यांच्या जनाज्याला आमची सगळी बँडपार्टी गेली होती, वस्तीतली माणसंही आली होती. ज्या रस्त्यानं आम्ही इतक्या वराती नेल्या, त्याच रस्त्यानं कब्रस्तानाकडं चाललो होतो. वाद्यं घरी होती. गळ्यात ड्रम नाही, म्हणून हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. शेवटी गर्दीतून पुढं झालो आणि खांदा दिला.