सोहमला घेऊन ठाणे-कल्याण

कऱ्हाडच्या स्टँडवर बस लागली तेव्हा गोळ्यांची एक पट्टी माझ्या पर्समध्ये होती, दुसरी मोठ्या बॅगेत आणि तिसरी मी थोरल्या रेवतीच्या सॅकमध्ये तिला न सांगता टाकली होती. माझ्या धाकट्याला, सोहमला, गेल्या वर्षी पहाटे झोपेत पहिल्यांदा फिट आली. नंतर घरीच आणखी एकदा. औषधं सुरू झाल्यापासून एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "आता त्याला नेहमीसारखं जगू द्या." त्या एका वाक्याच्या जोरावर मी ही सहल काढली होती. मुक्काम डोंबिवलीला माझ्या नणंदेकडे, नीलाताईंकडे, आणि शनिवार-रविवार ठाण्या-कल्याणची संग्रहालयं. समुद्र नको, पाणी असतं. गड नको, कडे असतात. संग्रहालयात काय होणार?

मुलांना हे सगळं कळत होतं. "लोक वॉटर पार्कला जातात," सतरा वर्षांची रेवती म्हणाली, "आपण दगड बघायला ठाण्याला." सोहम पंधराचा. हेडफोन घालून तो खिडकीला टेकला. त्याची मान कलली की मी वाकून त्याचा चेहरा बघायचे. हळूच कोपर लावायचे. डोळे न उघडता तो म्हणायचा, "जिवंत आहे." अख्ख्या प्रवासात मी त्याला धड झोपू दिलं नाही.

डोंबिवलीबाहेर काटई नाक्याला उतरलो. नीलाताई गाडी घेऊन आल्या होत्या. दोन्ही बाजूंना अर्धवट उभे टॉवर, मेट्रोचे खांब, धूळ आणि कुठूनसा उग्र, केमिकलचा वास.

"एमआयडीसी," त्या म्हणाल्या. "आज वारा तिकडून आहे."

"या वासाने त्याला काही होणार नाही ना?"

"वहिनी, आम्ही इतकी वर्षं इथेच राहतोय."

त्यांचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली बघितलं आणि मी तिचं दार लावून घेतलं. सोहम आंघोळीला निघाला तेव्हा तोंडातून गेलंच, "कडी लावू नकोस रे." आत्यासमोर! त्याचे कान लाल झाले. टॉवेल खुर्चीवर टाकून तो तसाच झोपायला गेला.

शनिवारी सकाळी ठाण्याच्या टोकाला, कोलशेतला गेलो. खाडीच्या बाजूला, बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये कुणीतरी हौसेने जुनी यंत्रं मांडून ठेवली आहेत. माणसाहून उंच चाकं, चामड्याचे पट्टे, छपाईचं एक अवाढव्य मशीन. मी प्रत्येक चाकापुढे हात आडवा धरून उभी. मुलं मोबाइलमध्ये. दुपारी जवळच एका घरगुती खानावळीत जिताडा (खाडीतला पांढरा, मऊ मासा) आणि तांदळाची भाकरी खाल्ली. सोहमने दोन तुकड्या मागून घेतल्या, तेवढा वेळ मला बरं वाटलं.

पुढे ठाण्यात एक विज्ञान केंद्र होतं. अंधाऱ्या खोलीत ग्रहताऱ्यांचा खेळ. रांगेत उभी असताना मी तिकीट देणाऱ्या बाईंना विचारलं, "आत लाइट लुकलुकतात का? मुलाला फिट येते म्हणून विचारलं." मागच्या लोकांनी माना वळवल्या. सोहम रांगेतून बाहेर पडला आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

"आई," रेवती खालच्या आवाजात म्हणाली, "तो बरा असतो तेव्हा पण तू त्याला आजारी करतेस."

आम्ही तिकिटं न काढताच निघालो. तिसऱ्या ठिकाणी मात्र ठरवून चार पावलं मागे राहिले. हे इतिहासाचं छोटंसं संग्रहालय होतं, एकच लांब, उजेडाची खोली. तिथे एक गधेगाळ (दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा कोरीव दगड) होती. सोहमने पाटी वाचली.

"म्हणजे हजार वर्षांपूर्वी लोक दगडावर शिव्या कोरायचे?"

"आपण स्टेटसवर टाकतो, तसंच," रेवती म्हणाली.

शेजारी नातीला घेऊन आलेल्या एक आगरी आजी होत्या. त्या म्हणाल्या, "आमचे गावान पन होता असा दगर. आमी त्याचेवर कपरे धुवायचो." यावर दोघं इतकी हसली की खोली दणाणली. मीसुद्धा हसले आणि भिंतीशी बाकावर टेकले.

हसणं मध्येच तुटलं. सोहमची मान एका बाजूला वळत गेली, घशातून एक आवाज आला, आणि तो उभ्याचा खाली कोसळला.

वर्षभर मी या क्षणाची मनात तालीम केली होती. आता मी बाकावरच बसून राहिले. फरशीवर त्याच्या टाचा आपटत होत्या, तेवढंच ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, "कांदा हुंगवा." एका गृहस्थांनी पायातली चप्पल काढली. तोवर रेवतीने आपली सॅक त्याच्या डोक्याखाली सरकवली होती. "कोणी धरू नका त्याला! तोंडात काही घालू नका!" ती ओरडली. झटके ओसरताच तिने त्याला कुशीवर वळवलं. एक तरुण मोबाइल धरून शूट करत होता. आजी पदर पसरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "काय सिनेमा हाय काय? ठेव तो फोन!"

मी गुडघ्यांवर बसले तेव्हा सगळं थांबलं होतं. त्याचे ओठ निळसर, तोंडाशी फेस, पँट ओली. श्वास हाताला लागतोय का, हे बघायला मी तळहात त्याच्या नाकाशी धरला. लागत होता. रेवतीने स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या कमरेवर टाकलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "कोणी बघितलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"पाच-सहा जणांनी," रेवती म्हणाली. "एक काका तुला चप्पल हुंगवणार होते."

त्याने हसायचा प्रयत्न केला.

संग्रहालयाच्या बाईंनी आपल्या खोलीत त्याला आडवं केलं. फोनवर डॉक्टर म्हणाले, आपोआप थांबली, शुद्धीवर आला, आता झोपू द्या. प्रवासात झोप झाली नव्हती, त्यामुळे आली असेल. परत आलीच तर सरळ हॉस्पिटल गाठा. नाहीतर सोमवारी दाखवायला या.

डोंबिवलीला पोहोचताच मी बॅग भरायला घेतली. नीलाताई टॅक्सीवाल्याशी बोलत होत्या. सोहम झोपून उठला आणि दारात येऊन उभा राहिला.

"आज घरी गेलो तर तू मला परत कुठेच जाऊ देणार नाहीस."

"असं काही नाही."

"असंच आहे. मला माहितीय."

"आणि उद्या परत आली तर?"

"तर येईल." त्याचा आवाज कापत होता. वर्षभर मी माझीच भीती सांभाळत बसले होते. त्याचीही एक असेल, आणि ती तो एकटा घेऊन फिरत असेल, हे तेव्हा दिसलं. मी नीलाताईंना टॅक्सी नको म्हणाले. भरलेले कपडे बॅगेतून परत बाहेर काढले.

रविवारी उशिरापर्यंत त्याला झोपू दिलं आणि मग कल्याणला गेलो. एका जुन्या घरात तांब्या-पितळेची भांडी, दिवे, धान्य मोजायची मापं मांडली होती. गच्चीवर जायला अरुंद, उभा जिना. रेवती चढली, तिच्यामागे सोहम. मी खाली कठडा धरून त्यांची पावलं ऐकत राहिले. मध्येच पावलं थांबली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आई, खाडी दिसतेय! वर ये ना!" सोहमने हाक मारली.

मी चढले. वर भणाण वारा होता. लांब दुर्गाडी किल्ल्याचा बुरूज, खाली भरतीचं मातकट पाणी, एक छोटी होडी. तो कठड्याशी उभा होता आणि मला त्याला मागे ओढावंसं वाटत होतं. मी ओढलं नाही. त्या गच्चीवरचं बाकी काही मला फारसं आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये त्याला मित्राचा फोन आला. आजवर त्याने एकाही मित्राला आजाराचं सांगितलं नव्हतं. शाळेत फक्त वर्गशिक्षिकांना ठाऊक होतं. "हो रे, म्युझियम," सोहम म्हणत होता. "एकात मला फिट आली... फिट रे, झटके येतात ती. हो, सगळ्यांसमोर... नाही, मला कळतच नाही काही." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"त्याच्या काकीला पण येते म्हणे. पुढच्या वेळी मला पण घेऊन चल म्हणाला."

"म्युझियमला?"

"म्युझियमला कोण येतंय, आई? समुद्रावर."

सहलीने भीती पळते असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. कऱ्हाडला उतरले तेव्हा ती माझ्याबरोबरच उतरली. पण पनवेलच्या पुढे कुठेतरी मी त्याला विचारलं होतं, "कोणता समुद्र?" आणि घाट लागेपर्यंत तो मला सांगत होता.