आजीजवळची जागा

अंधेरीतल्या आमच्या चर्चमागच्या सिमेट्रीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. माझी आत्या सांगायची तो असा: आधी तिथे भाताची शेतं होती, मग साथ आली आणि बांधाकडेला माणसं पुरता पुरता शेतच संपलं. आता एका अंगाला मेट्रो आहे, दुसऱ्या अंगाला टॉवर. टॉवरवाले आमच्या बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे लावतात.

जागा तेवढीच आणि मरणारे वाढते, म्हणून नियम आला. घराण्याची कबर एकदा बंद केली की काही वर्षं उघडायची नाही. मधेच कोणी गेलं तर त्याला सगळ्यांच्या रांगेत पुरायचं आणि पुढे हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. आत्याला त्या कोनाड्याची भयंकर धास्ती. तिला आजीजवळ झोपायचं होतं. लग्न न करता आजीचं सगळं तिनंच केलं होतं. दर नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्त्या लावताना ती काकाला बजावायची, "मी मोठी आहे. माझा नंबर आधी."

"मग जा ना, अडवलंय कोणी तुला?" काका म्हणायचा.

जन्मात कुठे वेळेवर न पोचलेला काका एका सकाळी चहा पिता पिता गेला. आत्या खूप रडली. रडता रडता मधेच म्हणाली, "जागा पटकावली बघ मेल्यानं."

तोवर ती उठता बसता 'देवा, ने आता' म्हणायची. ते बंद झालं. तळलेले बोंबील सुटले, नाताळातलं डुकराचं मटण नुसतं हुंगण्यावर आलं. कोणी शिंकलं की ती खोली सोडायची. एकदा सणकून ताप भरला तेव्हा डॉक्टरांना तिनं स्पष्ट सांगितलं, "मला आत्ता मरायला जमणार नाही."

मुदत संपली त्या दिवशी ती चर्चच्या ऑफिसात जाऊन खात्री करून आली आणि ताटभर बोंबील तळून एकटीनं खाल्ले. मरायची घाई मात्र केली नाही. पुढेही चांगली ऐसपैस जगली, आणि गेली तेव्हा आजीच्या कबरीतच गेली, काकाच्या वर. बाबा तिचा धाकटा भाऊ. मूठभर माती टाकत ते म्हणाले, "मिळाली ना जागा? आता भांडत बसा दोघं."

कबरीवर लादी बसली. ऑफिसातला माणूस हळूच बाबांना म्हणाला, "अंकल, आता काही वर्षं बंद हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहात साखर घेतली नाही. मग पलंगाखाली वाकून ते कॅनव्हासचे बूट शोधू लागले. मला हसू येत होतं आणि रडूही. तो नियम ज्यानं कोणी केला त्याचं भलं होवो, असं अगदी मनापासून वाटलं. मी बूट शोधून दिले आणि त्यांच्याबरोबर चालायला निघाले.