रक्त आलं नाही म्हणून

डॉक्टरांनी ह्यांच्या पापण्या उघडून बॅटरी मारली. एका डोळ्याची बाहुली आकसली, दुसरी तशीच मोठी राहिली. ‘एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा,’ ते म्हणाले. म्हणजे कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणावर रक्त साचतं आणि मेंदू दाबला जातो. मार कधी लागला, असं त्यांनी विचारलं. सकाळी, असं मी सांगितल्यावर त्यांनी लगेच एक्स-रे काढायला पाठवलं.

हे लकडगंजात आरागिरणीवर मुकादम होते. ट्रकमधून सागाचे ओंडके उतरवताना एक घसरून कानशिलावर बसला. थोडा वेळ शुद्ध गेली. मग उठले, चहा घेतला, सायकल चालवत घरी आले. “काही नाही वं, टेंगूळ आलं फक्त,” म्हणाले.

रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून आम्ही खूश. सासूबाईंनी हळद लावली. दुपारी हे झोपले ते घोरायलाच लागले. थकलेत, झोपू द्या, असं जो तो सांगून गेला. शहाणे सगळेच होते. संध्याकाळी हलवलं तर जागे होईनात.

तेव्हा नागपुरात डोक्याच्या आतलं दाखवणारं यंत्र नव्हतं. एक्स-रेत कवटीची चीर दिसली, बाकी डॉक्टरांचा अंदाज. डोकं भादरून कवटीला भोक पाडलं, त्याला ‘बर होल’ म्हणतात, आणि रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, “जीव वाचेल. पण मेंदू फार वेळ दबला होता. पुढचं मला सांगता येणार नाही.”

वॉर्डात डोक्याला मार लागलेले किती तरी होते. कोणी स्कूटरवरून पडलेला, कोणी विहिरीच्या कामावर. बहुतेकांची कथा एकच: पडला, उठला, बोलला, म्हणून घरी ठेवला. मौद्याच्या एका बाईने मिरगी समजून नवऱ्याला दिवसभर कांदा हुंगवला होता. तिला हसायचं तोंड मला नव्हतं.

हे शुद्धीवर आले, जेवू लागले, बोलूही लागले. घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. तुझं कुंकू बलवान, म्हणाल्या. आत हे खाटेच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले होते. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले,

“बाई, मले आता घरी जाऊ द्या. माही बायको वाट पाहून राहिली असन.”

त्या दिवशी वाटलं, हे गेले असते तर बरं झालं असतं. वाटलं ते सांगते, लपवून काय करू?

डोक्याला मार लागलेला माणूस चालतो-बोलतो म्हणून घरी ठेवू नका. रक्त नसलं तरी तसाच दवाखान्यात न्या. डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही. माणूस माझ्यासमोर बसून माझ्या हातचं जेवतो.

आधी मी सांगायची, ती मीच. ते घाबरून रडायचे. आता म्हणते, येईलच ती, तुम्ही जेवून घ्या. जेवण झालं की ते मला हात जोडतात, आणि तिला इतका उशीर काहून झाला असन, असं विचारतात.